वर्गासमोर बोललेलं वर्गासमोरच परत घ्यावं का?

आठवीची गणित शिक्षिका, कोल्हापूर

नमस्कार. मी कोल्हापुरात एका अनुदानित हायस्कूलमध्ये आठवीला गणित शिकवते. सरकारच्या शिक्षक भरतीच्या पवित्र पोर्टलवरून निवड झाली, शिक्षण सेवक म्हणून, म्हणजे कायम होण्याआधीच्या मानधनावरच्या नोकरीचं, हे दुसरं वर्ष. शाळेचं नाव लिहीत नाही आणि मुलाचंही नाही. चूक शाळेची नाही, माझी आहे. ती कशी निस्तरायची तेवढं विचारायला आले आहे.

मुलगा गवळ्याच्या घरातला. घरी सहा-सात म्हशी. पहाटे चारला उठतो, वडलांबरोबर गोठा झाडतो, धारा होईपर्यंत वैरण टाकतो आणि उजाडताना सायकलला किटल्या अडकवून पेठेत रतीब घालतो. संध्याकाळी वडील गंगावेशीच्या दूध कट्ट्यावर दूध विकायला असतात, तेव्हा घरच्या म्हशींचं सगळं हाच बघतो. हे मला आता माहीत आहे. त्या दिवशी नव्हतं. खरं तर वर्ष सुरू होऊन दोन महिने झाले होते, माहीत असायला हवं होतं.

अभ्यासात तो मधला. खूप हुशार नाही, ढही नाही. पण माझ्या तासाच्या आधी फळा तोच पुसायचा, तोही ओल्या फडक्यानं, नुसत्या डस्टरनं नाही. आणि उजव्या कोपऱ्यात बारीक अक्षरात लिहून ठेवायचा : पट ४६, हजर ४३. त्याला हे काम कुणी दिलं नव्हतं.

श्रावणात एका दुपारी, जेवणाच्या सुट्टीनंतरच्या तासाला, मी चलन शिकवत होते. समचलन झालं, व्यस्तचलन सुरू केलं. मजूर वाढले की दिवस कमी होतात, ते उदाहरण. हा दुसऱ्या बाकावर चक्क झोपला होता, गाल वहीवर टेकवून. मी उठवलं आणि फळ्याकडं पाठवलं. खडू हातात घेऊन तो उभा राहिला. काहीच येईना. मागून एक-दोघं हसले. मला वाटलं, माझ्या तासाला हसतात. आणि मी बोलून गेले, "म्हशीमागंच जायचं असेल तर इथं कशाला येतोस? बाकाला तरी विश्रांती दे."

अख्खा वर्ग हसला. तोही हसला, म्हणजे नुसते ओठ हलले. खडू परत खोक्यात नीट ठेवला आणि जागेवर गेला.

दुसऱ्या दिवसापासून तो शेवटच्या बाकावर बसतो. फळा पुसत नाही. माझ्याशी "होय मॅडम" आणि "नाही मॅडम" सोडून एक शब्द बोलत नाही. आणि पोरं त्याला हाक मारताना म्हशी हाकतात तसा आवाज काढतात, "हैऽऽक". मैदानावर, जिन्यात, नळावर. ते वाक्य मी त्यांच्या तोंडात दिलं.

मला सगळ्यात जास्त काय खातंय ते सांगते. मी राधानगरी तालुक्यातली. आमच्या घरी दोन म्हशी होत्या. आई रोज दोन वेळा संस्थेत दूध घालायची आणि दर दहा दिवसांनी बिल निघायचं. माझ्या बी.एड.ची फी त्या बिलातून गेली आहे. ते वाक्य मी, त्या घरातल्या मुलीनं, उच्चारलं.

स्टाफरूममध्ये एका ज्येष्ठ सरांना विचारलं. ते म्हणाले, "मॅडम, विद्यार्थ्यापुढं एकदा वाकलात की वर्ग गेला म्हणून समजा. पंधरा दिवसांत विसरेल." आता महिना होत आला. तो विसरलेला नाही, मीही नाही.

तर प्रश्न असा : माफी मागायची हे माझं ठरलं आहे, पण कशी? एकट्याला बोलावून? त्याच्या घरी जाऊन आई-वडलांसमोर? की वर्गात, सगळ्यांसमोर? कुणी असं केलं असेल तर कृपया सांगा.

माध्यमिक शिक्षक, कागल

मॅडम, तुमची तळमळ कळते. तरीही तुमच्या त्या ज्येष्ठ सरांची बाजू थोडी मांडतो. शेहेचाळीस मुलं आहेत. त्यातली पाच-सहा अशी असतात की तुमचा पाय घसरायची वाट बघत असतात. तुम्ही तरुण आहात, नवीन आहात, त्यातून बाईमाणूस, म्हणून तुमची परीक्षा जास्त घेतली जाते. हे बरोबर नाही, पण आहे. उद्या दुसरा कुणीतरी म्हणेल, मॅडम, मलाही रागावलात, माझीही माफी मागा.

माझं मत, त्याला एकट्याला ग्रंथालयात बोलवा, दोन शब्द प्रेमानं बोला, एखादी जबाबदारी द्या. मॉनिटर करा, मुलं खूश होतात. वर्गात काढू नका. जखमेची खपली काढल्यासारखं होईल, त्यालाच परत लाज वाटेल.

निवृत्त शिक्षक, गडहिंग्लज

मॅडम, एकतीस वर्षं नोकरी केली. कागलच्या सरांशी मी सहमत नाही, का ते माझ्याच चुकीवरून सांगतो.

ऐंशीच्या दशकातली गोष्ट. सहावीच्या एका मुलाला मी कानफटात मारली. सलग चार दिवस वही आणली नव्हती. नंतर कळलं, वही होती, पण ती एकच, आणि ती थोरल्या बहिणीकडं असायची. आळीपाळीनं वापरायचे. मला रात्रभर झोप आली नाही. दुसऱ्या दिवशी शाळा सुटल्यावर दोन वह्या घेतल्या आणि त्यांच्या वस्तीवर गेलो. मनात हेच, की आई-बापाला सांगावं, चुकलं माझं.

बाप दारातच होता. मला बघून घाईनं उठला, घोंगडं अंथरलं, चहा टाकायला सांगितला. मी बोलायला सुरुवात केली आणि त्यानं हात जोडले. "गुर्जी, आनि दोन ठिवून द्यायच्या हुत्या. तुमचंच लेकरू हाय." आणि माझ्या देखत पोराच्या पाठीत एक धपाटा घातला, गुरुजींना घरापर्यंत यायला लावलं म्हणून. माफी मागायला गेलो आणि त्या पोराला आणखी एक मार मिळवून देऊन परत आलो. वह्या तिथंच ठेवल्या. त्या त्यानं कधी वापरल्या नाहीत.

म्हणून घरी जाऊ नका. निदान माफीसाठी जाऊ नका. आपल्याकडं आई-बाप मास्तराला माफी मागूच देत नाहीत. ते आपल्याच लेकराला खाली बघायला लावतात.

एकट्यालाही बोलावू नका, म्हणजे फक्त एकट्याला नको. अपमान शेहेचाळीस जणांसमोर झाला. ग्रंथालयात मागितलेली माफी तुम्हा दोघांतच राहते. बाकीच्या पंचेचाळीस जणांसाठी तुमचं पहिलं वाक्यच खरं राहतं. आणि पोरं ते वापरतायत असं तुम्हीच लिहिलंय.

मॉनिटर वगैरे तर मुळीच करू नका. पोरगं फसत नाही. त्याला कळतं की हे भरपाईचं आहे.

बोलताना तीन-चार वाक्यांच्या वर जाऊ नका. आणखी एक, हे जरा कठीण वाटेल, पण ऐका. तुमच्या आईच्या म्हशी आणि दुधाचं बिल वर्गात सांगू नका. इथं सांगितलंत ते ठीक. तिथं सांगितलंत की पोरांचं सगळं लक्ष तुमच्याकडं जाईल, मॅडम किती चांगल्या म्हणून. माफी त्याची आहे, त्याच्याकडंच राहू द्या.

कागलच्या सरांना एवढंच, की शिक्षण हक्क कायद्याचं कलम १७ आपण सगळे छडीपुरतंच वाचतो. त्यात शारीरिक शिक्षेबरोबर मानसिक त्रासही लिहिलेला आहे. २०१० च्या १ एप्रिलपासून लागू आहे. छडी आपण खाली ठेवली आणि जीभ तशीच चालू ठेवली. आणि कायद्याचं सोडा, आपण कोल्हापूरचे. १९१७ साली शाहू महाराजांनी प्राथमिक शिक्षण सक्तीचं आणि मोफत केलं. पोराला शाळेत धाडलं नाही तर आई-बापाला महिन्याला एक रुपया दंड होता. गवळ्याचं, धनगराचं, चांभाराचं पोर वर्गात येऊन बसावं म्हणून त्या काळात एवढं केलं. आणि आज तेच पोर पहाटे चारला उठून, सगळी कामं आवरून, स्वतःच्या पायानं शाळेत येतंय. त्याला आपण विचारायचं, इथं कशाला येतोस?

माझं डी.एड. गारगोटीचं. पाठ कसा घ्यावा, फळ्याचे भाग कसे पाडावेत, प्रश्न कसा विचारावा, सगळं तिथं शिकलो. चुकल्यावर वर्गाला तोंड कसं द्यावं, हे नोकरीत कुणी शिकवलं नाही. म्हणून एवढं लांब लिहिलं.

शिरोली एमआयडीसी

मॅडम, मी मास्तर नाही. फौंड्रीत मोल्डिंगला आहे, बावीस वर्षं झाली. तुमचं वाचलं आणि राहवलं नाही म्हणून लिहितोय. शुद्धलेखन सांभाळून घ्या.

मला सातवीत एका सरांनी सगळ्यांपुढं "पावशेर" म्हटलं. मी बारका होतो आणि बाप प्यायचा, दोन्ही त्यात आलं. सर विसरले असणार त्याच तासाला. पोरं दहावीपर्यंत पावशेरच म्हणायची. आज बी गावातल्या यात्रेत एखादा भेटला की "काय पावशेर" म्हणतोय. माझी पोरगी बरोबर असती. ती विचारती, पप्पा पावशेर म्हंजे काय.

मी दहावी नापास झालो त्याला ते सर कारण नाहीत. घरची परिस्थिती होती. खोटं कशाला बोलू. पण गणिताच्या तासाला मी हात वर करायचं सोडून दिलं ते तेव्हाच, एवढं मला पक्कं आठवतंय. येत असलं तरी हात खाली. हात वर केला की सगळी आपल्याकडं बघत्यात ना.

गडहिंग्लजचे गुरुजी बरोबर बोलले, पण एक गोष्ट राहिली. माफीनं नाव जात नाही. ते "हैक" तुम्हाला बंद करायला लागंल. माफी मागून तुम्ही मोकळं व्हाल, आणि तो जिन्यात तेच ऐकत राहील. नाव पडलं की ते पोराच्या आधी वर्गात पोचतंय.

तालमीतला

मी शिक्षण क्षेत्रातला नाही, लहानपणापासून लाल मातीतला. आमच्या वस्तादांची एक गोष्ट सांगतो.

वस्ताद म्हणजे किती कडक. हौद्यात, म्हणजे तालमीच्या मातीत, चुकलं की शिवी, कधी पाठीवर थाप, तीही अशी की श्वास अडकायचा. पण एकदा खासबागेच्या कुस्ती मैदानात आमचा एक पठ्ठ्या आठव्या मिनिटाला चितपट झाला. जिंकता जिंकता हरला. तुम्हाला खासबाग माहीतच आहे, १९१२ पासूनचं शाहू महाराजांचं ते मैदान, खोलगट, सगळ्यांच्या नजरा खाली आखाड्यावर. पोरगं माती झाडत, मान खाली घालून बाहेर आलं. वस्ताद उठून पुढं गेले, त्याच्या खांद्यावर स्वतःचा टॉवेल टाकला आणि आजूबाजूच्या सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाले, "पोरगं चुकलं नाही. भारंदाज डाव मी सांगितला, तो सांगायची वेळ नव्हती. चूक वस्तादाची."

त्यानंतर त्यांच्या शब्दाला तालमीत कुणी कमी लेखलं असं झालं नाही. उलट पुढच्या पहाटे एकही पोरगं उशिरा आलं नाही.

आठवीची गणित शिक्षिका, कोल्हापूर

सगळ्यांचे मनापासून आभार. शिरोलीच्या दादांचं लिहिलेलं मी तीनदा वाचलं. दादा, एक विचारते, राग मानू नका. त्या सरांनी नंतर काय केलं असतं म्हणजे ते नाव थांबलं असतं?

शिरोली एमआयडीसी

राग कशाचा मॅडम. खरं सांगू का, त्यांनी मला माझ्या नावानं हाक मारली असती तर. रोज. हजेरीत नव्हे, मधेच. "अमुक, खिडकी लाव." "अमुक, हे वाच." पूर्ण नाव घेऊन. मास्तर ज्या नावानं हाक मारतोय तेच पोरं उचलत्यात. वाईट उचलत्यात तसं चांगलं बी उचलत्यात.

आठवीची गणित शिक्षिका, कोल्हापूर

दिवाळीची सुट्टी संपत आली. जे झालं ते सांगायचं राहिलं होतं.

गौरी-गणपतीच्या सुट्टीनंतरच्या पहिल्या सोमवारी तास सुरू होताना, पुस्तक उघडायच्या आधी, मी बोलले. आदल्या रात्री कागदावर लिहून काढलं होतं, कारण मला माझा भरवसा नव्हता. म्हटलं, "मागच्या महिन्यात मी याला फळ्यापाशी उभं करून म्हशींवरून बोलले. तो झोपला होता म्हणून रागावायचा मला हक्क होता. त्याच्या घरच्या कामाला नावं ठेवायचा नव्हता. ते मी चुकीचं बोलले आणि मी त्याची माफी मागते. माझं वाक्य आता कुणी वापरायचं नाही." त्याचं नाव घेतलं, पूर्ण. आईचं, दुधाचं, काही सांगितलं नाही. ओठावर आलं होतं.

वर्ग एकदम शांत झाला. तो वहीकडं बघत होता. मी त्याच्याकडं बघून थांबले नाही, कारण मग त्याला काहीतरी म्हणावं लागलं असतं. पुस्तक उघडलं आणि चौकोन रचना सुरू केली. फळ्यावर पहिली रेघ वाकडी आली, पुसून परत काढली.

कागलचे सर, तुम्हाला वाटलं होतं तसं थोडं झालं. दोन दिवसांनी एक मुलगा म्हणाला, मॅडम, मला मागच्या वर्षी एका सरांनी असंच बोललं होतं, त्यांना पण सांगा ना. बाकीचे हसले. पण मला त्यात उद्धटपणा दिसला नाही. त्याला खरंच सांगायचं होतं. मधल्या सुट्टीत त्याला जवळ बसवून सगळं ऐकून घेतलं.

"हैक" एकदम थांबलं नाही. पुढच्याच आठवड्यात जिन्यात ऐकलं. कुणी काढलं ते कळलं नाही. मी खाली उतरत होते, परत वर गेले आणि वर्गाच्या दारात उभं राहून एवढंच म्हटलं, हा आवाज माझा आहे, तुम्ही काढलात की माझी चूक परत होते. त्यानंतर माझ्या कानावर आलेलं नाही. माझ्यामागं काय चालतं ते सांगता येत नाही. शिरोलीच्या दादांनी सांगितलं तसं रोज त्याचं पूर्ण नाव घेऊन काहीतरी सांगते. पंखा लाव. पान सत्तावन्न वाच. सुरुवातीला त्याला ते अवघड जायचं, आता उठून करतो.

झोपेचं मुख्याध्यापकांशी बोलले. दुपारचा माझा तास आणि सकाळचा चित्रकलेचा, यांची अदलाबदल झाली. चित्रकलेच्या सरांनी एका शब्दात होय म्हटलं. सकाळी तो जागा असतो.

सत्र परीक्षेत त्यानं व्यस्तचलनाचं गणित सोडवलं नाही. तेवढाच प्रश्न कोरा. बाकीचं ठीक. मी त्यावर काही लिहिलं नाही, फक्त पेपर परत दिला.

आणि पाडवा. यंदा मी एक दिवस गावी उशिरा गेले. पाडव्याला गवळी लोक म्हशी सजवून बाहेर काढतात, हे मी इतकी वर्षं फक्त पेपरातल्या फोटोत बघितलं होतं. त्यानं बोलावलं नव्हतं. मी आपली रस्त्याच्या कडेला गर्दीत उभी होते. शिंगं रंगवलेल्या, मोरपिसं लावलेल्या, अंगावरचे केस भादरून नक्षी काढलेल्या म्हशी, पुढं मोटारसायकल आणि तिच्या आवाजावर मागं धावणारी म्हैस. धन्याची गाडी ती आवाजावरून ओळखते म्हणतात, दुसरीच्या मागं जात नाही.

तो गाडीवर वडलांच्या मागं बसला होता, उलटा, तोंड म्हशीकडं करून. नवा शर्ट. हात हवेत, आणि तोंडानं तोच आवाज, "हैऽऽक, हैऽऽक", पूर्ण छातीतून. वर्गात पोरं काढायची तो हाच आवाज. त्याच्या तोंडून तो पहिल्यांदा ऐकला. म्हैस मान वर करून सुसाट येत होती.

वळणावर गाडी हळू झाली आणि त्यानं मला बघितलं. हात खाली आला. मग ओरडला,

"मॅडम, मागं सरा! ती कडेनं येती!"

मी मागं सरले. म्हैस माझ्या साडीला वारा लावून गेली.